पेनी लेनच्या थांब्यावर

दोस्तांनो, लिव्हरपूलला जाऊन आलो, त्याची गंमत सांगायचीय. पण आधी एक गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

१९८२ साली आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहायचो. आमच्या मजल्यावर एक काका होते. ते मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खात्यात काम करायचे, म्हणून सगळी चाळ त्यांना बोटवाले काका म्हणायची. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. ते आले की मजलाभर विलायती साबणाचा वास सुटायचा. एका खेपेला त्यांनी एक कॅसेट आणली. बोटीवरच्या कुणाकडून तरी भरून घेतलेली, आणि वर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला : बीटल्स. गाण्यातलं आम्हाला काहीसुद्धा कळायचं नाही. पण चाली अशा, की दोन दिवसांत सगळी पोरं जिन्यावर ती गाणी म्हणू लागली, अर्थात आपापल्या शब्दांत!

पुन्हा बोटीवर जाताना काकांनी कॅसेट माझ्या हातात दिली. ‘सांभाळ रे,’ म्हणाले. कॅसेटच्या पाठीवर दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. काकांनी ते आधीच मोडून ठेवले होते. पण त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा भरता येतं, ही विद्या मी शाळेत शिकलो होतो. मे महिन्याची सुट्टी लागली आणि आम्ही चौघांनी आमची स्वतःची आकाशवाणी काढली. बातम्या, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, पाठांतर, सगळं! कोरी कॅसेट कुणाकडेच नव्हती. मग काय, काकांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू आम्ही भरून टाकल्या.

काका परत आले. ‘कॅसेट कुठाय?’ मी म्हटलं, ‘मशीननं खाल्ली.’ ते म्हणाले, ‘असू दे.’ बस्स, एवढंच. एक चापट मारली असती तर मी विसरलो असतो.

तर, गेल्या मे महिन्यात मी ताईकडे मँचेस्टरला गेलो होतो. भाची चौदा वर्षांची. ती गिटार शिकते, म्हणजे शिकायची. सध्या अभ्यासामुळे गिटार कपाटावर आहे. ‘लिव्हरपूलला येतेस का?’ म्हटल्यावर तिनं नाक मुरडलं. ‘मामा, ती आजोबांची गाणी!’ पण एक दिवस घराबाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर आली.

मँचेस्टर ते लिव्हरपूल आगगाडीनं जेमतेम तासाभराचा रस्ता. पण हा रस्ता साधासुधा नाही बरं का. दोन शहरांना जोडणारी, वेळापत्रकावर धावणारी जगातली पहिली वाफेची प्रवासी रेल्वे इथंच १८३० साली सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८५३ साली. आणि ही रेल्वे बांधली कशासाठी? मुख्यतः कापसासाठी. लिव्हरपूलच्या गोदीत कापूस उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडातला कापूस मुंबईहून बोटींनी याच लिव्हरपूलला गेला. मुंबईतले व्यापारी त्या पैशानं रातोरात श्रीमंत झाले, आणि युद्ध संपल्यावर तितक्याच झटपट बुडाले. भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मामा, आपण गाण्यासाठी चाललोय ना?’ थांब जरा, कापूस पुढे पुन्हा येणार आहे!

स्टेशनाचं नाव लाइम स्ट्रीट. तिथून चालत नदीपर्यंत गेलो. नदीचं नाव मर्सी. काठावर तीन प्रचंड जुन्या इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या रॉयल लिव्हर बिल्डिंगच्या दोन मनोऱ्यांवर दोन मोठे धातूचे पक्षी पंख पसरून बसलेत. त्यांच्यासमोर २०१५ साली उभारलेले बीटल्सचे पुतळे. चौघं कोट घालून चालत निघालेत, माणसापेक्षा थोडे मोठे. लोक त्यांच्या मध्ये उभे राहून फोटो काढत होते. आम्हीही काढला.

हे बंदर एके काळी जगातल्या बड्या बंदरांपैकी एक होतं. त्याच्या श्रीमंतीत काळा पैसाही होता. अठराव्या शतकात आफ्रिकेतून माणसं पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या बोटींचा हा मोठा अड्डा होता. शहर ते लपवत नाही, त्याचं वेगळं संग्रहालयच काढलंय. पुढे विसाव्या शतकात बंदर उतरणीला लागलं. दुसऱ्या महायुद्धात इथं जोरदार बॉम्बहल्ले झाले. त्यानंतरच्या पडक्या, काळवंडलेल्या गावात आपले चौघे वाढले.

आता त्यांची ओळख करून घेऊ. जॉन लेननचे वडील बोटीवर नोकर होते, बहुतेक वेळ समुद्रावरच. जॉर्ज हॅरिसनचे वडील आधी बोटीवर, मग बस चालवणारे. आणि पॉल मॅकार्टनीचे वडील? कापसाच्या पेढीवर विक्रेते! (भाचीनं हात जोडले.) संध्याकाळी ते हौसेनं बँडमध्ये वाजवायचे. पॉलच्या चौदाव्या वाढदिवसाला त्यांनी त्याला ट्रम्पेट दिला. पण ट्रम्पेट वाजवताना गाता कुठं येतं? पॉलनं तो दुकानात बदलून गिटार घेतली. ती काही केल्या जमेना, कारण स्वारी डावखुरी. शेवटी त्यानं तारा उलट्या क्रमानं लावल्या आणि गाडी रुळावर आली. चौथा रिंगो स्टार, तो सगळ्यांत गरीब. सहाव्या वर्षी पोटाचं भयंकर दुखणं, तेराव्या वर्षी क्षय. शाळेपेक्षा दवाखान्यातच जास्त दिवस गेले. दवाखान्यात मुलांचं मन रमावं म्हणून वाद्यवृंद असायचा. तिथं पलंगाशेजारच्या कपाटावर तो सुताच्या रिळानं बडवत बसायचा. तिथून त्याला ढोलाचं वेड लागलं. बघा, कापूस काही पाठ सोडत नाही.

रेडिओवर नवी अमेरिकन गाणी क्वचितच लागायची. मुलं रात्री लक्झेंबर्गचं केंद्र लावून कान देऊन बसत. पॉलच्या वडलांनी तर खालच्या रेडिओपासून मुलांच्या पलंगापर्यंत वायर ओढून कानाला लावायची यंत्रं दिली होती. काही तबकड्या बोटींवरून येत, खलाशी आणत. हे वाचलं तेव्हाच मला आमचे काका आठवले होते.

नदीवरून आम्ही मॅथ्यू स्ट्रीटला गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना जुन्या वखारी. इथल्या एका वखारीच्या तळघरात १९५७ साली कॅव्हर्न नावाचा क्लब उघडला. विटांच्या कमानींचे तीन लांबट बोगदे, हवा यायला जागा नाही. गर्दी झाली की घामाची वाफ भिंतींवरून ओघळायची. दारू मिळत नसे. कॉफी, सूप आणि कोकाकोला. दुपारच्या सुट्टीत कचेरीतल्या मुली डबा घेऊन गाणी ऐकायला यायच्या! १९६१ ते १९६३ या काळात बीटल्स इथं जवळजवळ तीनशे वेळा वाजले. त्याआधी आणि अधूनमधून जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवून त्यांचे हात तयार झाले होते. १९६१ च्या नोव्हेंबरात जवळच्या तबकड्यांच्या दुकानाचा तरुण मालक ब्रायन एपस्टाइन इथं उतरला, त्यानं त्यांचं काम हाती घेतलं आणि चक्रं फिरली. लगेच नाही हं. १९६२ च्या १ जानेवारीला लंडनच्या एका मोठ्या कंपनीत त्यांची चाचणी झाली आणि कंपनीनं त्यांना नापास केलं. पहिली तबकडी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाली, दुसऱ्या कंपनीकडून. दीड वर्षात, १९६४ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या यादीतले पहिले पाचही क्रमांक एकट्या बीटल्सचे होते.

आणि त्या कॅव्हर्नचं शहरानं काय केलं? १९७३ साली तो बंद करून बुजवला! भुयारी रेल्वेला हवा देणारा झोत तिथं काढायचा होता. गंमत म्हणजे तो झोत काही तिथं झालाच नाही. पुढं त्या जागी गाड्या उभ्या राहायच्या. पुष्कळ वर्षांनी शहराला जाग आली. खणून पाहिलं तर कमानी इतक्या खिळखिळ्या झालेल्या, की जुनं तळघर जसंच्या तसं उघडणं शक्य नव्हतं. मग निघालेल्या जुन्या विटा वापरून १९८४ साली नवा कॅव्हर्न बांधला. आपण आज उतरतो तो हा.

एक मुलगा गिटार घेऊन जुनी गाणी गात होता. भाची विटांवरून हात फिरवत म्हणाली, ‘यातली खरी जुनी वीट कुठली?’ मला काही सांगता येईना. मी मात्र तिला त्या तळघरात बसून माझ्या कॅसेटची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली.

ती हसेल असं वाटलं होतं. पण तिनं मलाच एक गोष्ट सांगितली. जॉनला १९८० साली न्यूयॉर्कमध्ये एका माथेफिरूनं गोळ्या घातल्या. त्याआधी त्यानं घरी पियानोवर एक गाणं साध्या कॅसेटवर भरून ठेवलं होतं. उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये ते पुरं करायचा प्रयत्न केला, पण पियानो आणि आवाज एकमेकांत असे गुंतलेले की सोडवता येईनात. २००१ मध्ये जॉर्ज गेला. पुढं संगणकाला आवाज ओळखायला शिकवलं, त्यानं जॉनचा आवाज अलगद वेगळा काढला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते गाणं निघालं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं! ‘ते मी ऐकलंय,’ ती म्हणाली. ‘आजोबांचं असलं तरी.’

मी आशेनं विचारलं, ‘मग माझी कॅसेट?’

‘नाही मामा. तिथं दोन आवाज एकत्र होते. तुझं वरून भरलंय, खालचं पुसलं गेलं.’

दुपारी आम्ही मुलांची घरं पाहायला गेलो. पॉलचं आणि जॉनचं घर आता नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळते. आधी नाव नोंदवावं लागतं, छोट्या बसनं नेतात आणि आत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळं लोक डोळ्यांनी बघतात, हे मला आवडलं.

२० फोर्थलिन रोड हे पॉलचं घर. नगरपालिकेनं बांधलेल्या घरांच्या रांगेतलं एक. आपल्याकडे हौसिंग बोर्डाच्या वसाहती असतात ना, तसंच. पुढची खोली एवढीशी. एक पियानो ठेवला की दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागावेत. या खोलीत पॉल आणि जॉन शाळा-कॉलेजला दांडी मारून समोरासमोर बसायचे. (आईबाबांनी हे वाक्य गाळून वाचावं.) पॉल डावखुरा, जॉन उजवा, त्यामुळं समोरच्याची बोटं आरशात पाहिल्यासारखी दिसायची. स्वरलिपी दोघांनाही येत नव्हती. शाळेच्या वहीत फक्त शब्द लिहायचे आणि पानाच्या डोक्यावर थाटात ‘लेनन-मॅकार्टनी यांचं आणखी एक नवं गाणं’ असं टाकायचं. चाल दुसऱ्या दिवशी आठवली तर गाणं चांगलं, विसरली तर सोडून द्यायचं. झाली त्यांची परीक्षा!

ही दोस्ती जमली ती १९५७ च्या ६ जुलैला, वूल्टन भागातल्या सेंट पीटर चर्चच्या जत्रेत. जॉन सोळा वर्षांचा, आपल्या टोळीबरोबर वाजवत होता. पॉल पंधरा वर्षांचा, एका मित्राबरोबर बघायला आला होता. संध्याकाळी चर्चच्या दिवाणखान्यात पॉलनं एक लांबलचक गाणं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं आणि गिटार सुरात कशी लावायची तेही दाखवलं. जॉनला ते येतच नव्हतं. तो गिटारवर बँजोचे सूर वाजवायचा, कारण त्याला त्याच्या आईनं बँजोच शिकवला होता.

जॉनचं घर तिथून जवळच, मेन्लव्ह ॲव्हेन्यूवर. हे घर पॉलच्या घरापेक्षा ऐटबाज, खिडक्यांना रंगीत काचा. पण ते त्याच्या आईचं नव्हे, मिमी मावशीचं. आई-वडील वेगळे झाले, म्हणून तो पाच वर्षांचा असल्यापासून मावशीकडे होता. मावशी कडक. गिटारीचा आवाज नको म्हणून ती त्याला दाराबाहेरच्या काचेच्या पडवीत हाकलायची. ‘गिटार ठीक आहे, पण तिच्यावर पोट भरायचं नाही,’ असं ती म्हणायची ही गोष्ट लिव्हरपूलमध्ये प्रसिद्ध आहे. मावशीचं तरी काय चुकलं? पोरगा शालान्त परीक्षेत सगळ्या विषयांत नापास झाला होता. हेडमास्तरांनी शब्द टाकला म्हणून कलामहाविद्यालयात जागा मिळाली.

आई थोड्या अंतरावरच राहायची. १९५८ च्या १५ जुलैला ती या घरी बहिणीला भेटायला आली होती. निघाली, बस पकडायला समोरचा रस्ता ओलांडू लागली आणि मोटारीखाली सापडली. जॉन सतरा वर्षांचा होता. पॉलची आई त्याआधीच, १९५६ मध्ये, कर्करोगानं गेली होती. तेव्हा पॉल चौदाचा.

भाची फाटकापाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. दुतर्फा झाडं, मधून गाड्या सुसाट जातायत. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘म्हणजे त्या खोलीत गुडघ्याला गुडघे लावून बसायचे, तेव्हा दोघांनाही आई नव्हती.’

मी ही गाणी चाळीस वर्षं ऐकतोय, पण हे वाक्य असं कधी माझ्या मनात आलं नव्हतं. पुढं दोघांनीही आईवर गाणं लिहिलं. जॉननं लिहिलं ते आपल्या हृषीकेशला, १९६८ साली, गंगेकाठच्या आश्रमात असताना. पॉलला ते स्वप्नात आई येऊन धीर देऊन गेली त्यावरून सुचलं.

भारताचा विषय निघालाच आहे तर जॉर्जचंही सांगतो. १२ आर्नल्ड ग्रोव्हला तो जन्मला. वर दोन खोल्या, खाली दोन, संडास मागच्या अंगणात, अंघोळीचं पत्र्याचं टब भिंतीला टांगलेलं. त्या घरातला हा मुलगा १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. त्याच वर्षीच्या त्याच्या एका गाण्यात तबला आहे. तबलजीचं नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलंय : अनिल भागवत. नाव ओळखीचं वाटतं ना? १९६८ च्या जानेवारीत तर त्यानं मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा त्यांत होते.

शेवटी पेनी लेन. काकांच्या कॅसेटवरचं माझं सगळ्यात लाडकं गाणं याच रस्त्याचं आहे. १९६७ साली निघालं. मला वाटायचं काय जादूचा रस्ता असेल! दोस्तांनो, तो बसचा थांबा आहे. साधा चौक, मधोमध जुना निवारा, कोपऱ्यावर बँकेची जुनी इमारत, आणि न्हाव्याचं दुकान. गाण्यातला न्हावी तो हाच! जॉन, पॉल, जॉर्ज तिघंही शाळकरी वयात इथं बस बदलायचे. रस्त्याची पाटी लोक इतक्यांदा चोरून नेत, की शेवटी नाव भिंतीवर रंगवायची वेळ आली. मी पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो. एक आजी बाजाराची पिशवी घेऊन बसमध्ये चढल्या. भाचीनं विचारलं, ‘एवढंच?’ मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, ‘आमच्या घराजवळच्या थांब्यावर याच्यापेक्षा जास्त गंमत असते.’

या गाण्यात मध्येच एक बारीक, चमचमता ट्रम्पेट वाजतो. पॉलनं टीव्हीवर बाखचं संगीत ऐकलं, त्यात तो छोटा ट्रम्पेट होता. लगेच त्या वादकाला, डेव्हिड मेसनला, बोलावून घेतलं. पॉल गाऊन दाखवत गेला, दुसऱ्यानं स्वर लिहून घेतले आणि मेसननं ते वाजवले. वाढदिवसाचा ट्रम्पेट बदलून गिटार घेणाऱ्या मुलाचं हे गाणं.

१९७० मध्ये बीटल्स फुटले. तेव्हा चौघांपैकी एकानंही तिशी गाठली नव्हती.

मुंबईला परतलो आणि आईची ट्रंक उपसली. कॅसेट होती! भोकांत बोळे तसेच. वाजवायला यंत्र नव्हतं. दुरुस्तीच्या दुकानातून एक मागून आणलं. बोटवाले काका आता ऐंशीच्या पुढं गेलेत, डोंबिवलीला मुलाकडे असतात. त्यांच्यासमोर टेबलावर कॅसेट ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी बोळ्यांकडे पाहिलं. ‘लाव,’ म्हणाले.

आमची आकाशवाणी सुरू झाली. माझा चिरका आवाज, मग कांद्याचे भाव, मग कुणीतरी विसरलेलं पाठांतर. दुसरी बाजू जवळजवळ संपत आली तेव्हा मागून गॅलरीतून हाक आली, ‘अरे पोरांनो, पन्हं केलंय, या लवकर!’ टेप खट्‌कन थांबवल्याचा आवाज. थोडी खरखर. आणि मग, उरलेल्या दीड मिनिटात, तो ट्रम्पेट.

गाणं संपलं. ती हाक काकूंची होती. काकू जाऊन बारा वर्षं झाली.

‘पुन्हा लाव,’ काका म्हणाले.

‘पेनी लेन?’

‘नाही रे. त्याच्या आधीचं.’